उजवीकडचं मधलं बटण

रविवारी दुकान बंद असलं तरी चष्मेवाल्याला घरी करमत नाही, असं त्याची बायको सगळ्यांना सांगायची. घरी राहिला तर त्याच्या हाती झाडू येतो, एवढं सांगायचं मात्र ती विसरायची. पण त्या रविवारी त्याला लेकीनं हाताला धरून दुकानात आणलं होतं. मागच्या खोलीत, काचा घासायच्या यंत्राशेजारी, चादरीखाली कपाटाएवढं काहीतरी उभं होतं.

"डोळे मिटा, बाबा."

"चष्मेवाल्याला डोळे मिटायला सांगतेस? धंद्याला बरं नाही ते."

तिनं चादर ओढली आणि चष्मेवाला एक पाऊल मागे सरला. मशीनच्या डाव्या अंगाला इस्त्रीच्या आकाराचा काळा डाग होता.

"तेच आहे ना? भंगाराच्या गोदामात सापडलं! पडदा बदलून घेतलाय. चला, आता बघूच तुमची उस्तादी."

हे लढाईच्या खेळाचं मशीन तीस वर्षांपूर्वी गल्लीतल्या इस्त्रीच्या दुकानात, कपड्यांच्या गठ्ठ्यांना टेकून असायचं. दोन निरनिराळ्या खेळांतले लढवय्ये त्यात समोरासमोर यायचे, हीच त्याची गंमत. एका खेळातला टकला पहिलवान, दुसऱ्यातली छत्री फिरवणारी पोरगी. ज्यांची एरवी तोंडओळखही झाली नसती, ते एकाच भिंतीपुढे एकमेकांना लोळवायचे. लग्नात दोन्हीकडचे व्याही भेटतात तसंच, फक्त इथली मारामारी उघड. चित्रं सपाट, ठिपक्याठिपक्यांची, आणि माणसं कायम कडेनं दिसायची. खेळणारेही खांद्याला खांदा लावून पडद्याकडे बघत उभे. शेजारच्याला बडवायचं, पण त्याच्या तोंडाकडे बघायचं काम नाही. चष्मेवाल्याला ही सोय पंधराव्या वर्षीच फार आवडली होती.

इस्त्रीवाले काका दुकान हलवणार होते, म्हणून मशीनला निरोप द्यायला त्यांनी स्पर्धा ठेवली. शेवटची फेरी झाली ती चष्मेवाला आणि त्याच्या बारा वर्षांच्या धाकट्या बहिणीत. तो जिंकला. खेळ बघण्याच्या नादात काकांची इस्त्री मशीनला टेकली आणि तो डाग पडला. तेव्हापासून तो उस्ताद आणि बहीण गोगलगाय. पुढे लाडानं तिची 'गोगी' झाली, आणि नाव कुठून आलं ते तिच्या सासरच्यांनाही कधी विचारावंसं वाटलं नाही.

तेवढ्यात गोगीच आली, थर्मासमधून चहा घेऊन. दुकान वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, आता दोघांचं. चष्म्याच्या कामाची परीक्षा दोघांनी एकच दिलेली, गुण तिला जास्त. तरी ती पुढे काउंटरवर बसायची, नंबर तपासायची, रुसलेल्या गिऱ्हाइकांना हसवायची. मागचं टेबल, जिथे काच फ्रेममध्ये बसते आणि तिळाएवढा स्क्रू फिरतो, ते दादाचं. त्या टेबलावर कोण बसणार असं अण्णांनी विचारलं, तेव्हा तीच म्हणाली होती, "दादा बसू दे. माझा हात मंद आहे."

"अगं बाई, हे अजून जिवंत आहे?" गोगीनं मशीनच्या डागावरून हात फिरवला.

"आत्या, तू उजवीकडे ये. पण उजवीकडचं एक बटण लागत नाहीये, खालच्या ओळीतलं मधलं. बाबा, तुमचा बारीक स्क्रूड्रायव्हर द्या, मी उघडते."

"तू राहू दे," चष्मेवाला इतक्या झटकन म्हणाला की लेक बघतच राहिली. "शॉक बसेल. आधी प्लग काढ."

अण्णांचाच स्क्रूड्रायव्हर घेऊन तो गुडघ्यावर बसला. गोगी मागे टॉर्च धरून उभी. फळी निघाली. आत बाकीच्या वायरी आपापल्या जागी होत्या. एक मात्र बाजूला वळवलेली, आणि तिच्या टोकाला निळी मखमली पट्टी गुंडाळलेली. अण्णा चष्म्यांच्या डब्यांना आतून चिकटवायचे ती पट्टी. पंधराव्या वर्षीही त्याचं काम इतकं नीटनेटकं होतं, की आता त्याला त्याचीच किळस आली.

त्यानं अंगाचा आडोसा करून पट्टी ओढली आणि खिशात टाकली.

"वायर सुटली असेल," टॉर्च पुढे करत गोगी म्हणाली.

थाप तिनं ताटात वाढून दिली होती, फक्त घास घ्यायचा होता.

"हो," तो म्हणाला. "सुटलीच असेल."

वायर जोडली, फळी बसली, खेळ सुरू झाला. गोगीनं छत्रीवाली निवडली, तेव्हाही ती हीच निवडायची, आणि उजवीकडेच उभी राहायची. तो पहिलवान घेऊन पुढे सरकला, आणि खाली वाकलेल्या छत्रीवालीनं ते मधलं बटण वापरून त्याचे पाय काढून घेतले. उठला, पुन्हा पाडला. भिंतीशी नेऊन पाडला. त्यानं दात-ओठ खाल्ले, जॉयस्टिकचा दांडा पिळला, शर्ट पाठीला चिकटला. दोन फेऱ्या, दोन्ही तिच्या.

"आत्याऽऽ!" लेक ओरडली.

गोगी हसत होती, पण दादाकडे बघून, समजूतदारपणे. "मुद्दाम हरलास ना? कळतं हो मला. या वयात कशाला लाड करतोस बहिणीचे?"

"मुद्दाम कसले, घामाघूम झालेत बघ!"

"अगं, तुझ्या बाबाचा हात मला माहीत आहे. आणि माझाही."

पडद्यावर हरलेल्याला पुन्हा खेळायचं का असं विचारत दहापासून उलटे आकडे सुरू झाले. चष्मेवाल्याला वाटलं, फसवून जिंकलो त्याचं एक वेळ पचलं, पण आज खरोखर हरलो त्याचंही पुण्य आपल्याच पदरात पडतंय. पाचावर त्यानं खिशात हात घातला, आणि तिनावर निळी पट्टी बटणांशेजारी ठेवली.

"सुटली नव्हती. मी सोडवली होती. शेवटच्या फेरीच्या आदल्या संध्याकाळी, अण्णांच्या स्क्रूड्रायव्हरनं."

आकडे संपले. पडदा काळा झाला.

गोगीनं पट्टी उचलली, बोटांनी चाचपली, उलगडली. "मी म्हणाले होते तेव्हा, बटण लागत नाहीये."

"हो."

"तू काय म्हणालास?"

"आठवतंय."

"मग म्हण ना. घरात चार माणसं जमली की म्हणतोसच की. पोरीलासुद्धा पाठ आहे."

लेकीनं मान खाली घातली. चष्मेवाल्यानं पडद्याकडेच बघत म्हटलं, "बटण लागतं, हात लागत नाही."

या वाक्याला कोणी हसलं नाही, असं पहिल्यांदाच झालं.

"दुसऱ्या दिवशी जोडणार होतो, गोगी. पण मशीन सकाळीच गेलं."

"मशीन गेलं," ती म्हणाली. "मी कुठे गेले होते?"

ती त्याच्या टेबलाशी गेली, त्याच्या स्टुलावर बसली. एका गिऱ्हाईक बाईंचा चष्मा तिथे सोमवारसाठी ठेवलेला होता, दोन्ही काड्या निघालेल्या.

"तो नाजूक आहे, उद्या मी..." एवढं बोलून चष्मेवाला थांबला.

"टॉर्च धर."

त्यानं धरला. पहिला स्क्रू निसटला. "असू दे, आत्या," लेक हळूच म्हणाली, पण गोगीनं ऐकलंच नाही. दुसऱ्यांदा तो फडक्यावर पडला आणि तिनं चिमट्यानं शोधून काढला. तिसऱ्या खेपेला भोकात बसला आणि सरळ फिरत आत गेला. तिनं काडी उघडून, मिटून पाहिली.

"उजेड हलतोय, दादा. हात हलवू नकोस."

त्यानं टॉर्च आणखी जवळ धरला.

"दुसऱ्या हाताचा आधार दे," तिनं सांगितलं, आणि दुसरी काडी उचलली.