किलनाहॅनच्या वहीतली चिकटलेली पाने

मित्रांनो, माझ्याकडे आलेल्यांची नावे आहेत, गेलेल्यांची नाहीत. मी एक जुनी वही आहे; आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या किलनाहॅन गावच्या चर्चमधली, बाप्तिस्म्याच्या नोंदींची. माझी कातडी बांधणी लिमरिक शहरात झाली आणि घोड्याच्या खोगिराला बांधलेल्या पिशवीतून मी गावात आले.

तेव्हाचे फादर कॉन्सिडाइन पावसापाण्यात वाड्यावाड्यांतून हिंडत. मूल जन्मले की लगेच त्याच्या डोक्यावर पवित्र पाणी पडायला हवे, अशी लोकांची घाई असे. आई घरी अंथरुणावर असायची. मुलाला चर्चमध्ये घेऊन येत ते धर्ममाता आणि धर्मपिता, म्हणजे बाप्तिस्म्याला बाळाची जबाबदारी घेणारी दोन माणसे. फादर ओल्या बाहीने माझ्यावर वाकत आणि बाळाचे नाव, आईबापांची नावे, वाडी, धर्ममातापित्यांची नावे लिहीत. बस, एवढेच. माझ्यात मरणाचा रकाना नव्हता. कुणी तो आखलाच नाही.

मग एका वर्षी बटाटे जमिनीतच काळे पडून सडले. पुढच्या वर्षीही तेच झाले. आधी एक महिना माझ्या एका पानावर मावत नसे. आता एका पानावर अख्खा हिवाळा सैल पडू लागला. फादरांचे अक्षर तिरके होत गेले आणि एक दिवस तिथे निराळेच अक्षर आले. नवे फादर आले होते. जुन्यांचे काय झाले ते मला कुणी सांगितले नाही, आणि माझ्यात ते लिहायला जागाही नव्हती.

मी भरले आणि कपाटात गेले. एकदा बिशप आले, माझ्यावर हात ठेवून म्हणाले, "हे या गावाचं सोनं आहे." ते सोने पुन्हा गळक्या खिडकीखालच्या त्याच कपाटात गेले. उंदरांनी माझे कोपरे कुरतडले. ओलीने माझी दोन पाने एकमेकांना चिकटली. पुढे शहरातून एक छायाचित्रकार माझ्या पानापानाची फिल्म काढायला आला. त्याने ती पाने नखाने सोडवून पाहिली, घड्याळाकडे पाहिले आणि पुढचे पान उलटले. ती फिल्म अमेरिकेत पोचली. चिकटलेली पाने माझ्याजवळच राहिली.

ती फिल्म पाहूनच शिकागोच्या सिसिलिया लाँगन किलनाहॅनला आल्या. सत्तरीला टेकलेल्या या बाईंना आपल्या आजीचे, सबायना गॅरिहीचे, माहेर शोधायचे होते. फिल्ममध्ये सबायना सापडली होती, आणि गावात त्या घरातला एकच माणूस उरला होता: सिनॉन गॅरिही. एकटा, बिनलग्नाचा. त्याचा भाऊ त्याच वसंतात वारला होता. आठवडाभर त्याने सिसिलियाबाईंना गावभर मिरवले. "ही आमची सिसिलिया," असे तो दुकानातही सांगे आणि रस्त्यातल्या गाढवालाही.

पण शिकागोहून बाईंच्या भावाचा फोन आला, आणि बाई व सिनॉन गावचे आताचे फादर मलक्वीन यांच्याकडे आले. फादरांनी मला टेबलावर उघडले.

"भाऊ म्हणतो, तू परक्यांच्या गळ्यात पडली आहेस," सिसिलियाबाई म्हणाल्या. "आजी अठराशे सहासष्टमध्ये अमेरिकेच्या बोटीत बसली तेव्हा सतरा वर्षांची होती. ती स्वतः सांगायची. फिल्ममधली सबायना तेव्हा एकवीसची असणार."

"बायका वय चोरतात की!" सिनॉन म्हणाला.

"माझी आजी नाही चोरायची. ती चर्चमध्ये पाव्हण्यांच्या जांभया मोजून त्यांना सांगणारी बाई होती."

फादरांनी नोंदीवर बोट ठेवले. अठराशे पंचेचाळीस. सबायना, बाप थॅडी गॅरिही. "वय जुळत नाही, सिनॉन. ही दुसरी कुणी असू शकते."

"फादर, मी कोंबडी कापलीय. नातं नाही निघालं तर कोंबडी जिवंत करून द्याल का?" तो हसला, पण टोपी त्याच्या हातात गोल गोल फिरत राहिली. मग तो सिसिलियाबाईंकडे न बघता म्हणाला, "तुम्ही जेवून मात्र जा, बाई."

आठवडाभर तो त्यांना 'तू' म्हणत होता.

थोड्या वेळाने तो हळूच म्हणाला, "फादर, पुढे बघा. आमच्यात पहिल्या मुलीला आईच्या आईचं नाव. ते पोर गेलं तर पुढच्या मुलीला तेच. नाव रिकामं ठेवत नाहीत."

"पुढची पानं चिकटलीत. शहरात पाठवू या, तिथे जाणकार आहेत."

"त्या परवा निघणार आहेत."

फादरांनी पातळ सुरी घेतली. सिनॉन खिडकीशी गेला. "काय माणूस आहे मी," तो म्हणाला. "एक पोर मेलेलं असू दे, अशी आशा करत उभा आहे."

सुरी माझ्या पानांत शिरली. मित्रांनो, तो आवाज मला अजून आठवतो.

"अठराशे एकोणपन्नास," फादर वाचू लागले. "सबायना. बाप थॅडी गॅरिही. आई तीच, वाडी तीच."

सिसिलियाबाईंनी तोंडावर हात ठेवला. सिनॉन मात्र माझे मागचे पान उलटून पहिल्या सबायनाजवळ गेला. आजवर तिच्यासाठी कुणी थांबले नव्हते. सगळ्यांनी तिला धाकटी सबायनाच समजून वाचले होते.

"आमच्या खालच्या शेतात एका कोपऱ्यात बाबांनी कधी नांगर घातला नाही," तो म्हणाला. "विचारलं तर म्हणायचे, तिथे दगड आहेत."

"मला दाखवशील?" सिसिलियाबाईंनी विचारले.

"चल. कोंबडी थांबेल." दारात तो वळला. "फादर, पहिलीचं पुढे काय झालं ते तिच्या नावापुढे लिहा ना."

"जुन्या वहीत मला एक अक्षरही घालता येत नाही, सिनॉन."

ते दोघे गेले. फादर बराच वेळ मला मिटेनात, कारण पाने सुटताना दुसऱ्या सबायनाखालची ओळ कागदासकट निघाली होती आणि सुरीच्या पात्यावर तिचा भुगा उरला होता. त्यांनी तो फुंकला नाही. पाकिटात भरून माझ्यात ठेवला.

आज मी शहरात कोरड्या पेटीत आहे. मित्रांनो, जुन्या वह्यांना ओल लागू देऊ नका. आणि आपल्या माणसाचे नाव सापडले, तरी दोन पाने मागे जाऊन बघा. ते नाव आधी कुणाचे होते, ते कळेल.

ते पाकीट अजून माझ्यात आहे. कुठल्यातरी दूर देशातून कुणीतरी ती ओळ शोधत येईल. त्या ओळीतले बाळ कुणाचे होते, हे आता मलाही सांगता येणार नाही.