टाकीजवळचं वळण

"वहिनी, अंगणाला झगा शिवतेस की काय?" नणंदेने दारातूनच विचारलं.

शिलाईवाल्या बाई मातीत गुडघे टेकून बसल्या होत्या. गळ्यात टेप, हातात कपडे वाळत घालायची दोरी. दारापासून मागच्या लिंबोणीपर्यंत ती दोरी त्यांनी वळणं देत अंथरली होती.

"रस्ता आखतेय. ह्यांच्या खुर्चीसाठी."

"दादा खोलीबाहेर तरी येतो का? कशाला जिवाचा आटापिटा?"

बाईंनी दोरीचं एक वळण जरा सैल केलं. नवऱ्याने उभा जन्म बस चालवली होती. बसच्याच पायरीवरून घसरून मणक्याला मार बसला आणि पाय गेले. घराला तीन पायऱ्या, पुढे खाचखळग्यांचं अंगण. सुरुवातीला शेजारचे दोघे त्याला खुर्चीसकट उचलून बाहेर आणत. एक दिवस तो म्हणाला, "मला पोत्यासारखं उचलू नका." त्यानंतर तो खिडकीशी बसून राहिला. बोलणंही हूं-हूंवर आलं.

नणंदेने कुरकुर करतच पदर खोचला. दोघींनी मिळून वाटेत आलेल्या फांद्या छाटल्या, वाळलेलं कुंपण उपटलं. परसातली पडकी भिंत मोकळी करून विटा काढल्या, खाली वाळू पसरून एकेक वीट बसवली. कुंड्या जमिनीवर होत्या, त्या विटांच्या ओट्यावर चढवल्या, म्हणजे खुर्चीत बसल्या बसल्या हात पोचेल. पायऱ्यांवर गवंड्याने सिमेंटचा उतार करून दिला.

"माझी कंबर गेली," नणंद म्हणाली. "आता मलाही एक खुर्ची आण."

पाण्याच्या टाकीजवळचं वळण बसवून बाई उठत होत्या, तेवढ्यात खिडकीतून आवाज आला.

"ते वळण चुकलंय."

दोघी जागच्या जागी थिजल्या. कित्येक महिन्यांत इतकं लांब वाक्य त्या घरात कुणी ऐकलं नव्हतं.

"एवढ्याशा जागेत गाडी वळत नाही. मागचं चाक आतून कापतं. मातीत रुतेल."

बाईंनी मान वर केली नाही. डोळे भरून आले होते, ते त्याला दिसायला नको होते. "मग कुठून घेऊ?"

"टाकी सोडून बाहेर काढ. अजून. अजून जरा. बास!"

"आला बघ हुकूम," नणंद म्हणाली. बसवलेल्या विटा दोघींनी पुन्हा उखडल्या.

त्या दिवसापासून खिडकीला तोंड फुटलं. इथे पाणी साचेल, तिथे वीट डुगडुगतेय, ती कुंडी आरशाला घासेल. "खुर्चीला आरसा कुठाय हो?" बाई ओरडत. "गप्प होतात तेच बरं होतं!" आणि हसू लपवायला पाठ फिरवत.

उतार पुरता वाळला, त्या सकाळी नवऱ्याने दाढी केली, इस्त्रीचा शर्ट मागितला. नणंद खुर्ची धरायला पुढे झाली.

"हात काढ."

"अरे दादा, उतार आहे—"

"काढ म्हणतो ना."

तो निघाला. तळव्यांनी चाकं दाबत, हळूहळू, उतार उतरला. पहिलं वळण घेतलं. टाकीजवळ नणंद बादली घेऊन मधोमध उभी राहिली होती. त्याने तोंडानेच हॉर्न वाजवला, इतका मोठा, की ती दचकून बादलीसकट मातीत उतरली. मागचं चाक विटांच्या कडेला बोटभर जागा ठेवून अलगद वळलं. एकही वीट हलली नाही.

"बघितलंस?" त्याने विचारलं. मागे वळून न पाहता.

"बघितलं," बाई म्हणाल्या.

लिंबोणीखाली जाऊन तो थांबला. ओट्यावरच्या कुंडीत बोटं खुपसून म्हणाला, "कोरडी आहे. पाणी कोण घालतं इथे? उद्यापासून मी बघतो." मग खुर्ची गर्रकन फिरवून परत दाराकडे सुटला, तिथून पुन्हा लिंबोणीकडे. नणंद टाळ्या वाजवत होती.

बाई मागून चालत होत्या. चालता चालता त्यांच्या लक्षात आलं, की आपले दोन्ही हात खुर्ची ढकलताना असतात तसेच पुढे धरलेले आहेत. ते कुठे ठेवावेत, क्षणभर त्यांना कळेना. मग त्यांनी ते पाठीमागे बांधले आणि सावकाश चालत राहिल्या.