शेअरांच्या शेजारचा कर्जरोखा

मी कर्जरोखा बोलतोय. दचकू नका, वसुलीला आलेलो नाही. उलट कर्ज दिलं होतं ते माझ्या मालकिणीनंच. शहराच्या पाणीपुरवठा मंडळाला नवे नळ टाकायचे होते. त्यासाठी त्यांनी लोकांकडून पैसे घेतले आणि बदल्यात मला छापून दिलं. मुदत दहा वर्षं, अंगावर वीस कूपनं. दर सहा महिन्यांनी एक कापून कचेरीत द्यायचं, ठरलेलं व्याज घ्यायचं आणि शेवटी मुद्दल परत.

मला घेतलं ते शिवणकाम करणाऱ्या ताईंनी. नजर कमी होत चालली होती. "खोलीचं भाडं व्याजातून सुटलं, तर ही पडद्यांची अवजड कामं सोडता येतील," म्हणायच्या. त्यांनी मला जपून कपाटातल्या फायलीत ठेवलं आणि तिथंच माझं नशीब फुटलं. फायलीत त्यांच्या धाकट्या भावाचे शेअर आधीपासून मुक्कामाला होते.

काय तो त्यांचा थाट! भाऊ घड्याळं दुरुस्त करायचा. सकाळी पेपर आला की डोळ्याचं भिंग कपाळावर सरकवून आधी शेअरांचा भाव बघायचा. वाढले की शीळ, पडले की उसासा. माझं नाव वर्षातून दोनदा, तेही "अगं, त्या कागदाची तारीख आली का?" एवढंच. नुसता जळफळाट व्हायचा माझा. एकदा शेअर धाडकन पडले, भाऊ जेवलासुद्धा नाही. खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या झाल्या.

पण लवकरच माझ्यावरच बेतलं. पहिलं कूपन कापताना ताईंचा हात सवयीनं चालला होता. कापड बेतताना शिलाईसाठी माया सोडतात, तशी त्यांनी चारी बाजूंनी बोटभर सोडली आणि शेजारच्या कूपनाचा नंबरच उडवला! तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. सहा महिन्यांनी कारकुनानं दुसरं कूपन उजेडात धरलं.

"बाई, याचा नंबर कुठंय?"

ताई गोंधळल्या. "पहिल्याला चिकटून गेला असेल हो."

"मग चौकशी होईल. तीन महिने धरा."

इकडे भाड्याची तारीख डोक्यावर. ताईंनी सोडलेलं पडद्यांचं काम पुन्हा घेतलं. भावाला तर निमित्तच हवं होतं.

"ताई, विकून टाक तो कागद. शेअर घे. त्यांना कात्री लागत नाही."

"तू गप रे."

"निदान दलालाला विचारू तरी. विचारायला काय पैसे पडतात?"

दलालानं टेबलावर माझी घडी उलगडली. तो म्हणाला, "हल्ली नवे रोखे जास्त व्याज देतात. याचे शंभराला त्र्याण्णव येतील."

"बघ, तुझाही पडला!" भावाच्या आवाजात चक्क आनंद.

ताईंनी विचारलं, "म्हणजे माझं व्याज कमी झालं?"

"नाही, ते ठरलेलंच."

"आणि मुदतीपर्यंत ठेवला तर?"

"मंडळ बुडालं नाही, तर पुरते शंभर."

"मग पडलं ते काय? अंगातला सदरा विकायला काढला तर निम्मेही येत नाहीत. म्हणून काय तो आखूड होतो?" आणि त्यांनी मला उचललं.

अडकलेलं व्याज आलं. पुढची कूपनं ताईंनी अगदी रेघेवर, श्वास रोखून कापली. पडद्यांची कामं सुटली. मला वाटलं, आता आपले दिवस आले. कसले! घरात बोलणं पुन्हा शेअरांचंच. बरं, दहा वर्षांत ते वाढलेही माझ्यापेक्षा जास्त. हे सांगायला अजूनही जिवावर येतं.

काल माझी मुदत संपली. ताईंनी पूर्ण मुद्दल मोजून घेतलं आणि कारकुनाला विचारलं, "हा कागद मला ठेवता येईल का हो?"

"नाही बाई, आता तो कचेरीचा."

"बरं," म्हणाल्या. मला वाटलं, पुन्हा एकदा विचारतील. पण त्या नव्या रोख्याच्या अर्जावर सही करत होत्या.

आता मी 'रद्द'चा शिक्का घेऊन कचेरीच्या कपाटात पडलोय. तुमच्याकडे माझ्यासारखा कुणी असेल, ठरल्या दिवशी गुपचूप आपलं काम करणारा, तर त्याच्याविषयी चारचौघांत दोन शब्द बोला. त्याला ऐकू येतं. आणि जमलं तर शेअरांसमोरच बोला.