आरतीच्या मांडीवरचं ओझं

हिवाळ्यात शाळेच्या पटांगणावर धुकं उतरलेलं असे आणि त्या धूसर उजेडातून आधी सुनंदाबाईंचं गुणगुणणं ऐकू येई, मग बाई दिसत. एकाच संथ सुरातलं, शब्द नसलेलं ते गुणगुणणं त्यांच्या डाव्या अंगानं चालणाऱ्या चांदणीसाठी असे. चांदणी ही मातकट रंगाची, कपाळावर पांढरा ठिपका असलेली कुत्री. तिला पिल्लू असल्यापासून बाईंनी वाढवलं, हैदराबादच्या एका प्रशिक्षकाकडून स्वतः शिकून घेऊन मोठ्या चिकाटीनं घडवलं. बाई दिव्यांग मुलांना शिकवत. मी शेजारच्या वर्गावर होते. तरंगणारं पीस अलगद टेकवावं तसा त्या तळहात खाली आणत, की चांदणी बसे. त्या हातात हुकुमाचा लवलेशही नसे.

हा सगळा खटाटोप आरतीसाठी होता. आरती दहा वर्षांची, स्वमग्न, न बोलणारी मुलगी. लोखंडी घंटेचा टोल आम्हाला सवयीनं ऐकूही येत नसे. तिच्या अंगात मात्र तो विजेसारखा शिरे. कानांवर हात दाबून, किंचाळत ती फाटकाबाहेर, थेट रस्त्याकडे धावे. चांदणी आली आणि टोल पडताच आपलं अर्धं अंग आरतीच्या मांडीवर टाकून स्तब्ध राहू लागली. त्या ऊबदार ओझ्याखाली मुलीचे पाय थांबत, बोटं चांदणीच्या केसांत रुतत, आणि वादळानंतर झाडाची पानं एकेक करून शांत व्हावीत तसा तिचा श्वास उतरत जाई. बाई दूर उभ्या राहून ते पाहत. त्यांच्या चेहऱ्यावर आनंदापेक्षा सावधपणा अधिक असे. जणू हे सुख कुणाच्या नजरेस पडू नये.

उन्हं तापू लागली आणि गावात एका मोकाट कुत्र्यानं म्हाताऱ्या देवरावांच्या नातवाच्या पायाचा लचका तोडला. दुसऱ्या दिवशी पालक शाळेत जमले. देवराव पुढं झाले, हात जोडून.

"बाई, तुमचं कुत्रं लय गुनी हाय. पन लेकरं भ्यायलेत."

"तिला शिकवलंय, काका. ती चावणार नाही."

"न्हाई चावनार, मान्य. पन भ्या कुनाला समजावून सांगावं? माजा नातू झोपंत किंचाळायलाय."

त्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांतलं भय बाईंना परकं नव्हतं. तसलंच भय त्या रोज आरतीच्या डोळ्यांत पाहत होत्या. त्यांनी मुख्याध्यापकांना एवढंच म्हटलं, "चांदणीला आणणार नाही, सर. पण घंटा तरी बंद करा."

"बघू," सर म्हणाले.

त्या 'बघू'च्या काळातच एका दुपारी टोल पडला आणि आरती धावत सुटली. करकचून ब्रेक लागल्याचा आवाज आला. आम्ही बाहेर धावलो तेव्हा जीप तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली होती आणि बाई धुळीत बसून तिला छातीशी घट्ट धरून होत्या. मुलीला खरचटलंही नव्हतं. त्या दिवसापासून घंटा थांबली, तास संपल्याचं शिपाई वर्गावर्गात येऊन सांगू लागला. शाळा कशी निवांत झाली! पण आरतीच्या आईनं तिला पुन्हा पाठवलंच नाही.

मग बाई रविवारी चांदणीला घेऊन आरतीच्या घरच्या शेतातल्या आखाड्यावर, तिथल्या खोपटावर, जाऊ लागल्या. पुढच्या हिवाळ्यात एकदा मीही गेले. करडईची पिवळी-केशरी फुलं वाऱ्यावर हलत होती. बांधावर आरती चांदणीच्या पाठीवर हात ठेवून बसलेली, बाई तिच्यापुढं ठळक अक्षरं लिहिलेली चित्रं मांडत होत्या.

"शाळेत पाठवा ना हिला," मी तिच्या आईला म्हटलं. "आता घंटाही नाही."

तिनं माझ्याकडं पाहिलंही नाही. "जीप हाय की, बाई. आन् हितं शिकायलीच हाय ती."

पुढं माझी बदली पाथरीला झाली. बाई आरतीकडं अजून जातात का, हे विचारायचं धाडस मला होत नाही. उत्तर 'नाही' आलं तर काय करायचं? माझ्या स्मरणात आरती अजूनही दहा वर्षांचीच आहे, आणि त्या आखाड्यावर मात्र ती माझ्या नजरेआड, ऋतूंमागून ऋतू, मोठी होत असेल. दुरावलेली माणसं आठवणीत वाढत नाहीत; त्यांच्या वाट्याचा काळ आपल्याला न कळवताच निघून जातो.