ओठांपासून चार बोटांवर

मित्रांनो, मी एक जुना मायक्रोफोन आहे. माझ्या जाळीला पोचे आले आहेत आणि दांडीचा रंग उडाला आहे. आता मी कपाटात असतो. पण एकेकाळी उद्योजक संघटनेच्या सभागृहात माझ्यावाचून पान हलत नसे.

एका छोट्या कारखान्यात, भिंगातून पाहत एका बाईंनी माझी केसाहून बारीक तार जोडली. सभागृहात आलो आणि जो तो मला टिचक्या मारून ‘हॅलो, हॅलो’ करू लागला. कुणी इतक्या जवळून बोले की मी भिजून जाई. तरी ‘आवाज काय खणखणीत आहे!’ असे लोक म्हणत, तेव्हा मीच सुखावत असे.

मग सरकार बदलले. पोलादावरचा कर एकदा वाढला, मग उतरला, पुन्हा वाढला. तशात नवे पंतप्रधान उद्योजकांना भेटायला आले. संघटनेच्या अध्यक्षा कुलपांचा कारखाना चालवत. सगळे त्यांना कुलूपवाल्या बाई म्हणत. कार्यक्रमाआधी त्या माझी उंची ठीक करत होत्या, तोच त्यांचा धाकटा भाऊ आला.

“ताई, आज आपलंच एखादं कुलूप तोंडाला लाव,” तो म्हणाला. “नव्या कारखान्याच्या जागेचा निर्णय त्यांच्याच हातात आहे.”

“माहीत आहे रे.”

“मग गोड बोल आणि मोकळी हो.”

बाईंनी माझ्या दांडीचा पेच घट्ट आवळला.

पहिल्या वक्त्याने पंतप्रधानांना उगवता सूर्य म्हटले, दुसऱ्याने पौर्णिमेचा चंद्र. तिसऱ्या बिचाऱ्याला आकाशात काही उरलेच नाही! मग बाई आल्या. त्यांचे ओठ माझ्यापासून चार बोटांवर होते. त्यांचा श्वास कापत होता. ते फक्त मला कळले.

“साहेब, तुम्ही झटून कामाला लागलात, याचा आनंद आहे. कर कमी करा, असं मी म्हणत नाही. पण तो सारखा बदलू नका. गेल्या खेपेला पोलाद एकदम महागलं आणि मला निम्म्या कामगारांना घरी बसवावं लागलं.”

“म्हणजे आमचं धोरण चुकलं?” पंतप्रधानांनी बसल्या जागेवरून विचारले.

भावाने मान खाली घातली.

“चुकलं की बरोबर, हे कळायला ते टिकायला तर हवं, साहेब. बदल करायचा तर वर्षभर आधी सांगा. आम्ही सावरून घेऊ.”

टाळ्या अगदी तुरळक वाजल्या. जागा दुसऱ्यालाच मिळाली. भाऊ कितीतरी दिवस बहिणीशी कामापुरतेच बोलत होता. पुढच्या अर्थसंकल्पात मात्र सरकारने जाहीर केले, की करातला बदल यापुढे वर्षभर आधी कळवला जाईल. श्रेय भलत्यांनीच लाटले.

त्यानंतरच्या सभेत भाऊ चहाचा कप घेऊन व्यासपीठावर आला.

“जागा गेली, त्याचं वाईट वाटतंच,” तो म्हणाला. “पण ताई, यंदा कुणाला घरी बसवावं लागलं नाही.”

बाईंनी कप घेतला आणि त्याला शेजारी बसवले.

पुढे बिनतारी मायक्रोफोन आले आणि मी कपाटात गेलो. माझी तक्रार नाही. मित्रांनो, जुन्या वस्तू अधूनमधून पुसत जा, त्यांना उगाच टिचक्या मारू नका. आणि कुणी कापऱ्या आवाजात खरे बोलू लागले, तर त्याचे बोलणे संपेपर्यंत बटणाला हात लावू नका.