लाल बाण पोटात घेऊन

ओळखलंत का मला, मित्रांनो? कोपरा दुमडलेला, बटण अर्धवट लागणारं... मी एक जुनी निळी फाईल आहे. नवी होते तेव्हा अंगाला कोऱ्या प्लास्टिकचा वास होता आणि पोटात कागदाचा कपटाही नव्हता.

मला घरी आणलं ते शर्टांच्या कारखान्यातल्या तपासनीस बाईंनी. टाका सुटला, काज वाकडं झालं, की त्या जागी त्या एवढासा लाल कागदी बाण चिकटवायच्या. बाण लागला की शर्ट माघारी! सगळे म्हणायचे, "ताईंच्या बोटांना डोळे आहेत."

तिथे त्यांनी चौदा वर्षं काढल्यावर कारखाना बंद पडला आणि माझी वणवण सुरू झाली. महिनाअखेरपर्यंत काम मिळालं नाही, तर लेकीचं कॉलेज सोडून दोघींना मामाच्या गावी जावं लागणार होतं. लेकीनं आईची माहिती एका पानावर टाईप करून माझ्या हवाली केली. मग काय, बस, जिना, बाकडं. बाकडं, जिना, बस. बसल्या जागी बाई माझं बटण लावायच्या, उघडायच्या, पुन्हा लावायच्या. मला घेरी यायची. आत "काय येतं तुम्हाला?" विचारलं, की म्हणायच्या, "विशेष काही नाही. नुसतं तपासायचे." पाच ठिकाणी हेच!

सहाव्या मुलाखतीच्या आदल्या दिवशी त्यांनी ते पान शर्टासारखं उजेडात धरलं. मुलाखत घेणारे कुठे बोट ठेवतील ते आधीच कळावं म्हणून बाण लावले. बारावी नापास, बाण. लेक लहान असताना दोन वर्षं घरी, बाण. वय, बाण. आणि काढायलाच विसरल्या! वाटभर मला ते टोचत होते. पण फाईलला तोंड कुठलं?

पिशव्यांच्या कंपनीतल्या मॅनेजरबाईंनी पान बाहेर काढलं. "अहो, हे बाण कसले?"

बाईंचा चेहरा पडला. "दोष आहेत तिथे लावलेत. माझेच. सवय हो, दुसरं काय!"

मॅनेजरबाई खुदकन हसल्या. "आणि चांगलं असेल तिथे?"

"चांगल्याला बाण नसतो, मॅडम. चांगला शर्ट पुढे जातो."

"पुढे गेलेल्यांतले परत किती आले?"

"दोन खोकी. एकदा काजं, एकदा कॉलर. अजून झोपेत दिसतात."

"चौदा वर्षांत दोनच? हे कुठे लिहिलंय?" त्यांनी पान उलटंसुलटं केलं आणि पेन पुढे सरकवलं. "लिहा."

बाईंनी लिहिलं. मग समोर एक पिशवी आली. बाईंनी तिच्याकडे धड पाहिलंही नाही. नुसती बोटं फिरवली, पर्स चाचपली आणि बंदाच्या मुळाशी बाण चिकटवला. तिथला टाका खरंच सुटला होता.

सोमवारपासून त्या कामावर जाऊ लागल्या. मी कपाटावर धूळ खात पडले.

काल मला खाली काढून पुसलं. आता लेक कॉलेज संपवून नोकरी शोधतेय. तिचं पान बाईंनी उजेडात धरलं आणि लाल बाण काढला. म्हटलं, झालं, आता हिचेही दोष! पण बाण लागला तो कोऱ्या जागेवर.

"इथे काय चुकलं गं, आई?"

"चुकलं नाही, राहिलंय. आईचं पान तू टाईप केलंस, ते लिही."

मित्रांनो, मला जपा न जपा, माझं बटण आता गेल्यातच जमा आहे. पण माझ्यात पान ठेवण्याआधी ते एकदा उजेडात धरा, आणि राहून गेलेल्या जागेलाही एक बाण लावा.