अठ्ठावीसचा साक्षात्कार

साडेचारच्या सुमारास सरांची गाडी वसाहतीच्या फाटकातून आत वळायची, तेव्हा पार्किंगमध्ये मंडळी आधीच जमलेली असत. दंतवैद्य असत, विमा कंपनीतले कारकून असत, तळमजल्यावरचे शिंपीकाका गळ्यातली टेप तशीच लोंबकळत ठेवून येत. गाडी थांबली तरी सर इंजिन लगेच बंद करत नसत. काच खाली घेत आणि सीटवर जरा एका अंगाला सरकत, म्हणजे मागच्यांनाही दिसावं. स्टिअरिंगच्या पलीकडच्या निळसर पडद्यावर आकडा झळकत असे. सत्तावीस पूर्णांक नऊ किलोमीटर. एका लिटरला.

"म्हणजे अठ्ठावीसच," कुणीतरी हळूच म्हणे, आणि बाकीचे माना डोलावत.

हेच ते सर, ज्यांनी तीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं होतं. बुवाच्या मुठीत राख कुठून येते, ओल्या कापडाला आग का लागते, हे त्यांनी भर वर्गात करून दाखवलं होतं. तीन बुवांनी त्यांच्यामुळे गाव बदललं होतं. आता त्यांच्या स्वतःभोवती घोळका जमत होता, आणि गंमत म्हणजे सरांना तो घोळका वाटतच नव्हता. त्यांना वाटे, हा जिज्ञासू श्रोतृवर्ग आहे.

प्रवचन रोजचंच. ॲक्सिलरेटर दाबायचा नसतो, त्याला विचारायचं असतं. बूट घालून गाडी चालवणं म्हणजे हातमोजे घालून नाडी बघणं. गिअर बदलताना इंजिनाला कळता कामा नये. हे ऐकून दंतवैद्य अनवाणी गाडी चालवू लागले होते. कारकुनांनी वजन कमी व्हावं म्हणून स्टेपनी काढून गॅलरीत ठेवली होती, तिच्यावर बायकोने कुंडी ठेवून टाकली. शिंपीकाकांकडे तर गाडीच नव्हती, ते नुसतेच ऐकायला येत.

शेजारच्या सीटवरून सरांची मोठी बहीण सावकाश उतरे आणि घोळक्याला वळसा घालून जिन्याकडे जाई. खरं म्हणजे ही सगळी धावपळ ताईंसाठीच होती. त्यांच्या किडन्या थकल्या होत्या. आठवड्यातून तीनदा, अठ्ठेचाळीस किलोमीटरवरच्या दवाखान्यात, रक्त शुद्ध करणाऱ्या मशीनला चार तास जोडून घ्यावं लागे. आधी बावीस किलोमीटर चढ, मग खिंड, मग पलीकडचं शहर. मशीन दहाला. माणसं जास्त आणि मशीनं थोडी. एक पाळी चुकली की पुढची दोन दिवसांनी, आणि तोवर ताईंचे पाय सुजत, उताणं झोपलं की दम लागे.

ताई देवभक्त. पहाटे उठून पूजा, आणि गेली अकरा वर्षं दुपारी बारापर्यंत मौन. सकाळच्या प्रवासात त्या मांडीवर वही घेऊन नामस्मरण लिहीत बसत आणि सर एकटेच बोलत. मौनातला श्रोता कुठल्याही वक्त्याला बिघडवतो. सर आधीच थोडे बिघडलेले होते.

परतताना खिंडीच्या माथ्यावर सर चहाला थांबत. तिथून निघताना पडद्याखालचं बटण दाबून सरासरी शून्यावर आणत. मनाशी म्हणत, आता इंजिन गरम झालंय, आता मोजलं तर ते शास्त्रशुद्ध. तिथून घरापर्यंत बावीस किलोमीटर उतार होता, ही गोष्ट त्यांच्या शास्त्रात कशी कोण जाणे बसायची राहून गेली होती.

एका बुधवारी फाटकाशी पोचताना पेट्रोलचा पिवळा दिवा लागला. सरांनी तो कौतुकाने पाहिला. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलं होतं की दिवा लागल्यावर सुमारे पाच लिटर उरतं. पाच गुणिले अठ्ठावीस, एकशे चाळीस. गुरुवारी तर त्यांनी त्याच पेट्रोलवर तिघा शिष्यांना बसवून प्रात्यक्षिकाची फेरी मारली, एसी लावून, तीस किलोमीटर. उरले एकशे दहा. शुक्रवारी दवाखान्यात जाऊन-येऊन शहाण्णव. चौदा किलोमीटर शिल्लक. गणित बिनचूक होतं. सरांचं गणित कधीच चुकत नसे, हाच तर घोटाळा होता.

शुक्रवारी सकाळी वस्तीबाहेरचा पंप आला तेव्हा ताईंनी सरांच्या कोपराला हात लावला आणि पंपाकडे बोट दाखवलं.

"हिशेब झालाय, ताई," सर म्हणाले, आणि पंप मागे पडला.

खिंड दोन किलोमीटरवर असताना गाडीने एक आचका दिला, मग दुसरा, मग ती एखाद्या रुसलेल्या म्हशीसारखी रस्त्याच्या कडेला उभी राहिली. पडद्यावर तेव्हाही सरासरी दिसत होती, आणि ती चांगलीच होती. सरांनी किल्ली चार वेळा फिरवली. बॉनेट उघडलं आणि, आत काय बघायचं ते ठाऊक नसल्यामुळे, बंद केलं. नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. ताईंचा चेहरा पिवळट दिसत होता आणि सुजलेल्या पायांतल्या चपला टाचेला पुरत नव्हत्या.

ताई खाली उतरल्या आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन हात वर करून उभ्या राहिल्या. वर येणारी पावाची गाडी करकचून थांबली.

पाववाल्याने ताईंना पुढे बसवलं, सरांना मागे पावांच्या ट्रेंमध्ये. वाटेत त्याने जाळीतून चौकशी केली. गाडी बंद पडली का? पेट्रोल संपलं? दिवा नव्हता लागला? लागला होता? कधी? परवा? मग त्याने रेडिओ लावला. सरांना ते ताईंच्या मौनापेक्षाही लागलं.

दवाखान्यात पोचायला दहा वाजून पंचवीस मिनिटं झाली. मशीन दुसऱ्याला द्यायचं ठरत होतं. परिचारिकेने ताईंचे पाय पाहिले, सरांकडे पाहिलं, सरांच्या शर्टाला लागलेला पावाचा भुगा पाहिला, आणि ती नळ्या जोडायला लागली. आणखी पाच मिनिटं उशीर झाला असता तर रविवारपर्यंत थांबावं लागलं असतं, एवढंच ती म्हणाली. हे ती ओरडून म्हणाली असती तर बरं झालं असतं, असं सरांना वाटलं.

मग ते पलंगाशेजारच्या स्टुलावर बसून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. शाळेत निकालाच्या दिवशी पोरं बसत, तसे. बाराला ताई बोलणार होत्या.

बारा वाजले. ताईंनी डोळे मिटून मोकळा हात कपाळाला लावला, मग पिशवीतून वही काढून दिली. "मागची पानं बघ, धाकट्या."

पुढच्या पानांवर नाम होतं. मागच्या पानांवर आकडे. ताई निवृत्त होईपर्यंत पाणी शुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत होत्या. थेंब मोजण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. प्रत्येक वेळी टाकी काठोकाठ भरली, की त्यांनी गाडी एकूण किती चालली तो आकडा आणि टाकीत किती लिटर गेलं ते टिपून ठेवलं होतं. चार वेळा. शेवटच्या ओळीत चारशे बारा किलोमीटर, तेवीस पूर्णांक सहा लिटर, आणि पुढे भागाकार. साडेसतरा.

"चारही वेळा सतरा-अठराच," ताई म्हणाल्या. "चढ-उतार, एसी, सगळं धरून."

"मग बोलली का नाहीस?"

"तू पेट्रोल सकाळी भरतोस."

"दुपारनंतर सांगायचं."

"दुपारनंतर तू खूश असतोस. खिंडीपासून घरापर्यंत तुझं तोंड बघण्यासारखं असतं. मला वाटलं, असू दे, कुणाचं काय बिघडतंय." त्यांनी नळीकडे पाहिलं. "ती चूक माझी."

सरांनी वही मिटली. म्हणाले, "तू एवढी देवभोळी, आणि फसलो मी."

"देवाला मी मानते, कारण तो लिटरने मोजता येत नाही," ताई म्हणाल्या. "पेट्रोल मोजता येतं. ते कशाला मानायचं?"

शनिवारी साडेचारला घोळका जमला. सर पायात बूट घालून आले, बॉनेटवर वही ठेवली आणि स्वतःचाच चमत्कार उघडा करायला लागले. बुवा आणि बुवाचं पितळ उघडं पाडणारा, दोन्ही कामं एकाच माणसाकडे असल्यामुळे वेळ जरा जास्त लागला. खिंडीच्या माथ्यावर बटण दाबतो, म्हणाले. चढावर जळलेलं पेट्रोल आकड्यातून पुसलं जातं आणि उतार तेवढा उरतो. बटणाने न पुसली जाणारी टाकीभराची सरासरीही पडद्यावर असते; काल संपलेल्या टाकीच्या आधीच्या टाकीला ती एकोणीस दाखवत होती आणि भागाकार साडेसतरा. पडदा पेट्रोल मापात ओतून बघत नाही, इंजिनात किती सोडलं त्याचा अंदाज बांधतो. अंदाज कधी जास्त निघेल, कधी कमी. खरं बघायचं तर टाकी पूर्ण भरा, गाडी चालवा, पुन्हा त्याच पंपावर, नळी पहिल्यांदा आपोआप थांबेल तिथपर्यंतच भरा, आणि चाललेले किलोमीटर भरलेल्या लिटरने भागा. एकदा करून भागत नाही, भरण्यात थोडं उन्नीस-बीस होतं. तीन-चार टाक्या करा.

कारकुनांना बहुधा कुंडीखालची स्टेपनी आठवली. शिंपीकाका शिष्यांना समजावू लागले, की सर मुळातच विनम्र आहेत, मोठी माणसं असंच बोलतात.

"विनम्र नाही हो, काका," सर म्हणाले. "मूर्ख. बुवाच्या मुठीतली राख मी तीस वर्षं शोधली, पण ती मूठ परक्याची होती. आपलं कौतुक करणारा आकडा कुणी तपासत नाही. तोच आधी तपासा, एवढंच सांगायला आलोय. माझाही तपासा. ही वही आहे, ज्याला पाहिजे त्याने भागाकार करून बघावा."

दंतवैद्यांनी खरंच वही घेतली, खिशातून पेन काढलं आणि बॉनेटवर ओणवून भागाकार केला. उत्तर साडेसतराच आलं. त्यांनी ते दोनदा तपासलं, मग स्वतःच्या अनवाणी पायांकडे पाहिलं.

"पण सर," ते काकुळतीला येऊन म्हणाले, "उतारावर तर खरोखरच पडतो ना अठ्ठावीस?"

"पडतो की," सर म्हणाले. "पण ताईचा दवाखाना चढाच्या पलीकडे आहे."